अतिचंचल मूल, औषध आणि शिक्षकाची नोंदवही

(जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत असे एखादे मूल असते की, ज्याच्या नावाचा उच्चार दिवसातून सर्वांत अधिक वेळा होतो. ते जागेवर बसत नाही. प्रश्न पुरता विचारून होण्यापूर्वीच उत्तर ओरडून मोकळे होते. पाटी, वही, पेन्सिल यांपैकी एक तरी वस्तू रोज हरवते. खेळात आपली पाळी येईपर्यंत त्यास धीर धरवत नाही. पूर्वी अशा मुलास द्वाड किंवा उनाड ठरवून शिक्षा होत असे व प्रश्न तेथेच मिटला असे मानले जाई. आज त्याच मुलाच्या वर्तनाला वैद्यकशास्त्र कधी कधी एक नाव देते आणि त्यावर औषध आहे असेही सांगते. त्यामुळे खेड्यातील आईबापांपुढे पूर्वी कधी नसलेला प्रश्न उभा राहतो: सात-आठ वर्षांच्या लेकरास रोज गोळी द्यावी की न द्यावी?

हा निर्णय शिक्षकाचा नव्हे. तो आईबापांनी तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचा असतो. तथापि, तो ज्या माहितीवर उभा राहतो त्या माहितीचा मोठा भाग शिक्षकापाशीच असतो. डॉक्टर मुलास अर्धा तास पाहतात. शिक्षक त्यास दररोज पाच-सहा तास, तेही पन्नास प्रसंगांत, पाहत असतो. म्हणून औषधाच्या प्रश्नात शिक्षकाने नेमके काय करावे व काय करू नये, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप पाहू. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. अवधान न टिकणे, अतिचंचलता आणि विचार करण्यापूर्वीच कृती करून बसणे ही तिची तीन अंगे होत. केवळ चंचलपणा दिसला म्हणजे ही अवस्था आहे असे ठरत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावीत, निदान सहा महिने सतत टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत, आणि त्यांमुळे मुलाच्या शिक्षणात किंवा सोबत्यांशी वागण्यात खरोखर अडथळा येत असावा, अशी वैद्यकशास्त्राची अट आहे. जे मूल फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करते, त्याचा दोष गणितात किंवा शिकविण्यात शोधावा. ही अवस्था पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. ती आईच्या लाडाने किंवा बापाच्या दुर्लक्षाने उत्पन्न होत नाही. जगभरातील पाहण्यांवरून शाळकरी वयाच्या शंभर मुलांत सुमारे पाच मुलांत ती आढळते. मुलींच्या बाबतीत विशेष जागरूक राहावयास हवे. कित्येक मुली धावत नाहीत, ओरडत नाहीत. खिडकीबाहेर पाहत शांत बसतात आणि मागे पडत जातात. त्रास देणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. न देणाऱ्या मुलीकडे ते मुद्दाम न्यावे लागते.

आता दुसरी गोष्ट. चंचल दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मुळाशी हीच अवस्था असते असे नाही. पहिला संशय वयाचा घ्यावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात व जानेवारीत जन्मलेली सर्वांत मोठी. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत या अवस्थेचे निदान जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी व मुलींत ७० टक्क्यांनी अधिक आढळले. याचा अर्थ, केवळ कोवळे वय हेच कित्येकदा रोग समजले गेले. आपल्या खेड्यापाड्यांत तर जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिण्याचा प्रघात वर्षानुवर्षे होता. आता जन्मनोंदणी सुधारली असली तरी भटक्या व स्थलांतरित कुटुंबांतील मुलाचे खरे वय घरी विचारून घेणे अगत्याचे आहे. सहाव्या वर्षाचे म्हणून बसविलेले मूल प्रत्यक्षात पाच वर्षांचे असेल, तर त्याची चुळबुळ हा वयाचा धर्म होय.

दुसरा संशय शरीराचा. कान फुटलेल्या मुलास शिक्षकाचे बोलणे अर्धवट ऐकू येते, आणि ते लक्ष देत नाही असा समज होतो. दृष्टी अधू असलेले मूल फळ्यावरून नजर काढून इतरत्र पाहते. रक्त कमी असलेले किंवा रात्रीची झोप न झालेले मूल कधी पेंगते, कधी चिडचिड करते. मधूनच काही क्षण टक लावून स्तब्ध होणारे व हाक मारली तरी भानावर न येणारे मूल फेफऱ्याच्या एका सौम्य प्रकाराने पीडित असू शकते. फेफऱ्यावर फिनोबार्बिटल नावाचे औषध चालू असेल, तर त्या औषधानेही काही मुले अतिचंचल होतात. अशा वेळी एका गोळीवर दुसरी गोळी चढविण्यापूर्वी पहिलीविषयी डॉक्टरांस विचारावयास हवे.

तिसरा संशय परिस्थितीचा. अकोले तालुक्यातील ठाकर वाडीवरचे मूल घरी जी बोली बोलते ती पुस्तकात नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील कित्येक आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मूल आजीपाशी राहते किंवा त्यांच्याबरोबर कोपीवर जाते, आणि परत येते तेव्हा अर्धे वर्ष निघून गेलेले असते. अशा मुलाचे मन पाठात न लागणे स्वाभाविक आहे. घरात दारू व मारहाण असेल तर मूल सदैव दचकलेले असते. वाचनातील अक्षमता असलेले मूल अक्षरे लागत नाहीत म्हणून उठून फिरते. यांपैकी कशावरही अवधानाची गोळी हा उपाय नव्हे.

ही सर्व कारणे वजा जाता जे मूल उरते, त्याच्या बाबतीत औषधाचा प्रश्न खरा असतो. या औषधाचा इतिहास शिक्षकांस मनोरंजक वाटावा असा आहे. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या बालरुग्णालयातील ३० मुलांस बेन्झेड्रिन हे उत्तेजक द्रव्य दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेतील कामात ठळक सुधारणा झाली. मुले त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा या कंपनीचे रसायनज्ञ लिआंद्रो पानिझ्झोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. रिटालिन या नावाने ते १९५४ पासून बाजारात आले. आजही या अवस्थेवर प्रथम विचार होतो तो बहुधा याच औषधाचा. उत्तेजक द्रव्याने चंचल मूल शांत कसे व्हावे, हा प्रश्न साहजिकच पडतो. मेंदूच्या पुढील भागात लक्ष धरून ठेवणारी व आवर घालणारी जी यंत्रणा आहे, तिला डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन ही द्रव्ये लागतात. हे औषध ती अधिक प्रमाणात उपलब्ध करते. म्हणजे मूल गुंगत नाही. त्याचा लगाम त्याच्या हाती येतो. औषध घेऊन मूल सुस्त व निर्जीव दिसू लागले, तर मात्रा अधिक झाली किंवा औषध मानवले नाही असे समजून लगेच कळवावे. शांत वर्ग हे औषधाचे उद्दिष्ट नव्हे.

सुमारे दहापैकी सात मुलांस या प्रकारच्या औषधाचा गुण येतो. परंतु तो गुण मर्यादित काळाचा असतो. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासांत ओसरतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा अधिक काळ टिकतो. औषधाने अवस्था समूळ नाहीशी होत नाही, आणि औषध अक्षरही शिकवीत नाही. प्रवरेच्या पाटाखाली शेती करणाऱ्यास हे सहज उमगेल. पाटाला पाणी सुटले म्हणजे ऊस उगवला असे होत नाही. सऱ्या पाडलेल्या असतील, दारे धरणारा जागा असेल, तरच ते पाणी मुळाशी पोचते. एरवी ते ओढ्याला जाते. औषध हे पाण्याचे आवर्तन आहे. सऱ्या पाडणे हे शिक्षकाचे व आईबापांचे काम आहे.

यास मोठ्या प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने उपचार करून त्यांची तुलना केली गेली व तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांस काळजीपूर्वक देखरेखीखाली औषध दिले, काहींस केवळ वर्तनाचे शिक्षण, काहींस दोन्ही, आणि उरलेल्यांस गावात मिळतील ते नेहमीचे उपचार. मुख्य लक्षणांवर देखरेखीखालील औषधाचा गुण सर्वांत स्पष्ट दिसला. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकीही सुमारे दोन-तृतीयांश मुले औषध घेतच होती. तरीही त्यांस गुण कमी आला. देखरेखीच्या गटात डॉक्टर दरमहा मुलास पाहत होते, शिक्षकांकडून माहिती मागवीत होते आणि तीनुसार मात्रा ठरवीत होते. जे औषध दोन्हीकडे दिले गेले, त्याचे फळ देखरेखीच्या गटात अधिक चांगले मिळाले, आणि त्या देखरेखीत शिक्षकाचा वाटा होता. तीन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा चार गटांतील फरक उरला नव्हता. म्हणजे आरंभी औषधाचा उपयोग निश्चित आहे. परंतु एकदा सुरू केले की काम संपले, असे मानता येत नाही.

आता औषधाच्या दोषांकडे वळू. भूक मंदावणे, रात्री झोप उशिरा लागणे, पोट व डोके दुखणे, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे, क्वचित चिडचिड किंवा डोळे-खांदे उडविण्याची सवय लागणे, हे त्याचे परिणाम होत. दीर्घकाळ घेतल्यास उंचीची वाढ थोडी मंदावते असेही आढळले आहे. म्हणून औषधापूर्वी व औषध चालू असताना वजन, उंची, नाडी व रक्तदाब पाहतात. घराण्यात हृदयविकार किंवा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला आहे काय, हेही विचारतात. यांपैकी भुकेचा दोष खेड्यातील शाळेत अधिक महत्त्वाचा ठरतो. सकाळी घेतलेल्या गोळीने भूक मरते ती नेमकी दुपारी, आणि गरीब घरच्या मुलाचे दिवसातले पोटभर जेवण म्हणजे बहुधा शाळेतला पोषण आहारच असतो. ते ताट अर्धे परत जाऊ लागले, तर ती गोष्ट सर्वांत आधी शिक्षकाच्या दृष्टीस पडते. आईस सांगून सकाळी गोळीपूर्वी भाकर-दूध देणे व संध्याकाळी भूक परतल्यावर पुन्हा जेवू घालणे, हा साधा उपाय पुष्कळदा पुरतो. महिन्याकाठी वजन घटत असेल तर डॉक्टरांस कळविलेच पाहिजे.

मिळण्याच्या अडचणीही निर्णयात धराव्या लागतात. मेथिलफेनिडेट आपल्या देशात औषध-नियमांच्या एक्स अनुसूचीत आहे. डॉक्टरांनी दोन प्रतींत चिठ्ठी लिहावी लागते, त्यांतील एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि ठराविक परवाना असलेल्या दुकानातच ते मिळते. तालुक्याच्या बाजारपेठेतही ते सहजी हाती येईल असे नाही. तेव्हा जे कुटुंब सहा महिने ऊसतोडीवर फिरते, त्याने औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांस तसे सांगितले पाहिजे. मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर गोळी कोण देणार, कुलपात कोण ठेवणार व तपासणीस कोण नेणार, हे ठरल्याशिवाय औषध सुरू करण्यात अर्थ नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाचे उत्तेजक नसलेले औषधही आहे. त्याचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. कोणते घ्यावे हे डॉक्टरच ठरवतील.

निर्णयाचा क्रम कसा असावा? सहा वर्षांखालील मुलास प्रथम औषध नव्हे, तर आईबापांस वर्तन हाताळण्याचे शिक्षण द्यावे, असे बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. ब्रिटनमधील २०१८ सालची मार्गदर्शक सूत्रे सांगतात की, पाच वर्षांवरील मुलाच्या भोवतालच्या परिस्थितीत योग्य ते बदल करूनही अडचण कायम राहिली, तरच औषधाचा विचार व्हावा. म्हणजे पहिली पायरी वर्गातच आहे. मुलास दार-खिडकीपासून दूर, पुढे व शांत सोबत्याशेजारी बसवावे. एका वेळी एकच सूचना, थोड्या शब्दांत, डोळ्यांकडे पाहून द्यावी. लांब काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत द्यावे. फळा पुसणे, खडू आणणे, वह्या वाटणे अशी कामे देऊन हालचालीस वाट करून द्यावी. चांगले वागणे घडताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी. अशा मुलास आठवड्याने मिळणारे बक्षीस फार दूरचे वाटते. ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मूल शाळेत मावत नसेल तर शाळेस थोडे हलविता येते, हा धडा मराठी शिक्षणाने फार पूर्वी घालून दिला आहे. सहा ते आठ आठवडे असा प्रयत्न करूनही मूल मागेच पडत असेल, सोबती त्यास टाळत असतील, किंवा ते वारंवार स्वतःस इजा करून घेत असेल, तर थांबू नये. औषधाची भीती बाळगून दोन-तीन वर्षे दवडणे ही देखील हानीच होय.

त्यासाठी जिल्ह्यात वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत मुलांची तपासणी करते आणि त्याच्या यादीत या अवस्थेचाही समावेश आहे. पथकाच्या डॉक्टरांस शिक्षकाने मूल दाखविले व नोंद दिली, तर ते पुढे जिल्हा पातळीवर पाठविता येते. लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.

सोबत न्यावयाची वस्तू म्हणजे नोंदवही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्यकार्य सुरू केले. तेथे गावोगावच्या साध्या स्त्रिया मुलांची वजने घेऊ लागल्या, लक्षणे ओळखू लागल्या, आणि गावच्या आरोग्यास आधार झाल्या. नेमके पाहणे ही पदवीची मक्तेदारी नव्हे, हे त्यांनी याच जिल्ह्यात सिद्ध केले. शिक्षकाने दोन आठवडे रोज चार ओळी लिहाव्यात: दिनांक व वेळ, काय चालले होते, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर काय घडले. “फार त्रास देतो” हे मत झाले. “साडेअकरा वाजता, वाचनपाठात, वीस मिनिटांत सात वेळा उठला, हाताला धरून बसविल्यावर चार ओळी वाचल्या” ही नोंद झाली. मुलाच्या चांगल्या गोष्टीही लिहाव्यात. त्याच वर्गातील दुसऱ्या सर्वसाधारण मुलाचीही तेवढ्याच वेळेची नोंद ठेवल्यास तुलना सोपी होते. शिक्षकाने रोगाचे नाव मात्र लिहू नये. ते डॉक्टरांचे काम आहे. औषध सुरू झाल्यास हीच वही पुढे चालवावी. गोळी केव्हा घेतली, पाठात लक्ष कितपत, ताटात किती उरले, सोबत्यांशी वागणे कसे, एवढे लिहिले की डॉक्टरांस मात्रा ठरविता येते, आणि गुण येत नसेल तर औषध थांबविताही येते.

आईबापांशी बोलताना विशेष जपावे. एखादी आई म्हणेल, “गुरुजी, गोळी खायला माझं लेकरू येडं हाय का?” तिला उत्तर द्यावे, “नाही ताई, लेकरू हुशार आहे. त्याचं चित्त एका जागी राहत नाही, एवढंच. डोळा अधू असला तर आपण चष्म्याची चौकशी करतो ना? तशी ही चौकशी करायची. गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा.” येथे दोन चुका टाळावयाच्या. पहिली, औषध द्या नाहीतर मूल शाळेत आणू नका, असा धाक घालणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, आणि त्यास मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांसही मनाई आहे. अमेरिकेसारख्या देशात, जेथे ही औषधे विपुल दिली जातात, तेथेही २००४ च्या कायद्याने शाळेस अशी सक्ती करण्यास बंदी आहे. दुसरी चूक याच्या उलट. तज्ज्ञांनी विचारपूर्वक सुरू केलेल्या औषधाविषयी, “कशाला विष देता, वय वाढलं की होईल नीट,” असे पारावर बसून बोलणे. शिक्षकाच्या शब्दास गावात वजन असते. ते दोन्हीकडून जपून वापरावे.

मूल औषध घेते ही गोष्ट वर्गात उघड होऊ देऊ नये. “आज गोळी घेतली नाहीस वाटतं?” हा एक उद्गार मुलाच्या मनावर वर्षभर राहतो. दुपारची मात्रा शाळेत द्यावयाची असल्यास डॉक्टरांची व आईबापांची लेखी सूचना मुख्याध्यापकांपाशी असावी. ते औषध दुसऱ्या कोणत्याही मुलास, कितीही चंचल असले तरी, कधीही देऊ नये.

सारांश, औषध हा चमत्कार नव्हे आणि कलंकही नव्हे. काही मुलांस त्याची खरोखर गरज असते, आणि ते न मिळाल्याने त्यांची शाळा कायमची सुटते. काही मुलांस चष्मा, कानाची तपासणी, पोटभर जेवण, आपल्या बोलीत दोन शब्द किंवा जागा बदलणे एवढेच हवे असते. या दोहोंतील भेद अर्ध्या तासात, दूरच्या गावी ओळखणे कोणत्याही डॉक्टरास कठीण आहे. तो भेद दाखवील अशी वही जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत लिहिली जावी, आणि ज्याचे नाव दिवसातून सर्वांत अधिक वेळा रागाने घेतले जाते त्या मुलाचे नाव तिच्या पहिल्या पानावर काळजीने लिहिले जावे.